नवरीच्या खडपावरचा नांगर

“लालभडक! नवरीच्या शालूसारखं लालभडक पोवळं बघायला मिळेल तुम्हाला,” असं म्हणत मी नांगर उचलला आणि पाण्यात सोडला. दोर सरसर गेला, खाली काहीतरी कटकन मोडल्यासारखं हाताला जाणवलं आणि होडी जागेवर थांबली.

होडीत चार पाहुणे होते. साताऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांची बहीण आणि बहिणीचे लेक-जावई. येताना मी त्यांना नेहमीची गोष्ट सांगितली होती. फार पूर्वी एका नवरीचं वऱ्हाड होडीतून चाललं होतं, होडी या खडपावर आपटली, नवरी बुडाली आणि तिच्या अंगावरच्या दागिन्यांची पोवळी झाली. गोष्ट मीच रचलेली. आमच्या वेताळबंदरात पाण्याखालच्या त्या खडकाला नवरीचं खडप का म्हणतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पाहुणे खूश व्हायचे.

चौघांनी जॅकेटं चढवली, मास्क लावले, श्वासाच्या नळ्या तोंडात धरल्या आणि होडीला बांधलेल्या ट्यूबला धरून पाण्यात तोंडं घातली. दहाएक मिनिटांनी बाई वर आल्या. मास्क कपाळावर सरकवला.

“अहो तांडेल, लाल कुठंय?”

“जरा उजव्या अंगाला बघा बाई.”

“उजव्या अंगाला तुमचा नांगर आहे. त्याच्याखाली सगळा चुरा झालाय. पांढराफटक. कपबश्यांचं कपाट पडावं तसा.” गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही स्वतः पाहिलंय ना खाली?”

“रोज बघतो की!” मी म्हणालो.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. आठ हंगाम पाहुण्यांना त्या खडपावर नेत होतो. वेताळबंदरच्या होडीवाल्यांच्या संस्थेचा अध्यक्ष होतो. आणि पाण्याखाली मी एकदाही पाहिलं नव्हतं.

नऊ वर्षांचा असताना बाबांची होडी बंदरातच उलटली होती आणि मी तिच्याखाली अडकलो होतो. काही क्षणच असतील. काकाने पाय धरून ओढून काढलं. पण तेव्हापासून डोकं पाण्याखाली गेलं की छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं होई. पोहता यायचं मला, पण मान वर काढून, कुत्रं पोहतं तसं. आता होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या मुलाने हे कुणाला सांगायचं? बायकोलाही सांगितलं नव्हतं. तो लालभडक रंग मी एका कॅलेंडरवरच्या चित्रावरून उचलला होता.

त्याच हंगामात मेघना सोहोनी गावात आली होती. पुण्याची, पोवळ्यांचा अभ्यास करणारी, सत्तावीस-अठ्ठावीसची, उन्हाने नाक सोललेली पोर. अर्धा दिवस पाण्यात आणि अर्धा दिवस आमच्या ओट्यांवर. तिचं म्हणणं साधं होतं. खडपाच्या कडेला, वाळूत, सहा बोये, म्हणजे तरंगते पिंप, कायमचे बांधायचे. होड्यांनी नांगर टाकायचा नाही, बोयाला दोर बांधायचा. एका वेळी खडपावर तीनच होड्या. पाहुण्यांनी पोवळ्यांवर पाय ठेवायचा नाही. बोये एका प्रकल्पातून मिळणार होते. फक्त संस्थेच्या संमतीपत्रावर सह्या हव्या होत्या, त्याही पुढच्या बुधवारपर्यंत. नाहीतर बोये दुसऱ्या गावाला जाणार होते.

“आज बोयो घालतले, उद्या कुंपण घालतले, परवा म्हणतले, मेल्यांनू, घराक जावा!” बाबी गिरकर ओरडला होता. आमच्यातला तो सर्वांत जुना होडीवाला. वय सत्तरीच्या आसपास, आवाज फाटक्या शिडासारखा, आणि तो बोलला की बाकीचे माना डोलवायचे.

मीही त्याच्याच बाजूचा. “पोवळ्यांचं आम्हाला सांगू नका मॅडम,” मी मेघनाला म्हटलं होतं. “आमचा जन्म गेला इथे.”

“मग एकदा माझ्याबरोबर खाली चला ना, हरेशकाका. पंधराच मिनिटं. तुम्ही बघा आणि मग नाही म्हणा.”

पहिल्यांदा मी सर्दीचं कारण दिलं. दुसऱ्यांदा कान दुखत होता. तिसऱ्यांदा घरी सत्यनारायण काढला, तोही ना पौर्णिमा ना सण अशा एका मंगळवारी. ती नुसतं हसली, आणि ते हसू मला आवडलं नाही.

साताऱ्याच्या बाई आल्या तो गुरुवार होता. त्यांना किनाऱ्यावर उतरवून घरी आलो, तर सुलक्षणा, माझी बायको, ओट्यावर कालवं फोडत बसली होती. तिच्या डोळ्यांभोवती लालसर गोल वळ उठला होता.

“तोंडार ह्यो वळ कसलो गो?”

“मास्काचो,” ती मान वर न करता म्हणाली.

“खयचो मास्क?”

“पाण्यात बघूक लावतत तो. तुमी पावण्यांका देतास ना, तसोच.”

“तू तर कालवां काढूक जातंय म्हणान सांगत होतंस!”

“कालवां पण काढलंय. ही काय समोर आसत.” तिने कोयत्याने एक शिंपला उघडला. “आधी पोवळी बघलंय, मगे कालवां काढलंय. म्हयनो झालो. आमी सात बायका आसव. मेघना शिकयता. पावण्यांका पाण्यात हात धरून फिरवूक.”

“माका येका शब्दान इचारूक नाय?”

“इचारला असता तर नाय म्हटला असता तुमी.”

ते खरंच होतं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत पायरीवर बसलो. ती कालवं फोडत राहिली. मग कोयता बाजूला ठेवून हळूच म्हणाली, “तुमी पावण्यांका लाल लाल सांगतास. थय लाल काय एक नाय.”

मी पायांची वाळू झटकू लागलो.

“तुमी कधी बघूकच नाय ना?”

समुद्राकडे बघत मी तिला सगळं सांगितलं. उलटलेली होडी, तो काळोख, काकाचा हात. तेहतीस वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली. मला वाटलं ती हसेल, निदान चिडेल तरी.

“माका म्हायत होता,” ती म्हणाली.

“काय म्हायत होता?”

“होडीचा नाय. पण एकोणीस वर्सां बघतंय मी. तुमी डोक्यार पाणी ओततास ता डोळे उघडे ठेवन. साबण गेलो तरी मिटनास नाय.” तिने पदराला हात पुसले. “फाल्यां सकाळी सुकतीक माझ्यावांगडा चला. कमरेएवढ्या पाण्यात. कोणाक सांगूचा नाय.”

शुक्रवारी सकाळी ओहोटीला, गावाच्या दक्षिणेला, केवड्याच्या बनाआड, खडकांमध्ये पाणी साचणारी एक लहानशी कोंड आहे तिथे आम्ही दोघं गेलो. सुलक्षणा जुन्या पंजाबी ड्रेसवर, मी हाफ पॅंटीत. पाणी कमरेला लागत होतं आणि मी घामाघूम झालो होतो.

“मास्क लावा. नळी दातात धरा. आता नुसता तोंड घाला, डोका नको.”

मी तोंड घातलं आणि दोन सेकंदांत वर आलो. पुन्हा घातलं, पुन्हा वर. पाचव्यांदा नाकातोंडात पाणी जाऊन ठसकलो, मास्क वाळूत फेकला आणि म्हणालो, “जमाचा नाय माका.”

ती मास्क उचलून समुद्राच्या पाण्यात खळखळून धुऊन परत घेऊन आली. “पयल्या दिवशी मी पण फेकलेलंय. थय त्या खडकार. काच फुटली. मेघना कायव बोलूक नाय.” मग तिने माझा हात धरला. “मी हात दाबतंय. येक दाबलंय की श्वास घ्या, दुसरो दाबलंय की सोडा. बाकी कायव बघू नका.”

तिने हात दाबला. मी श्वास घेतला. नळीतून खरंच वारा आला! तोंड पाण्यात आणि छातीत वारा, ही गोष्ट माझ्या बुद्धीला पटत नव्हती, पण छातीला पटली. अकराव्या की बाराव्या वेळी मी डोळे उघडले. खाली वाळू होती. वाळूवर उन्हाच्या रेघा हलत होत्या, आणि एक इवलासा खेकडा पाठीवर शिंपला घेऊन माझ्या अंगठ्याला वळसा घालून चालला होता.

एवढंच पाहिलं. पण मी वर आलो तो ओरडतच. सुलक्षणा हसून हसून पाण्यात बसली.

शनिवारी आम्ही नवरीच्या खडपावर गेलो. होडी माझी, पण नांगराला सुलक्षणाने हात लावू दिला नाही. मेघनाला तिने विश्वासात घेतलं होतं. ती होडीत वल्हं धरून बसली, होडी जागेवर ठेवायला. माझ्याकडे बघून तिने कुलूप लावावं तसा ओठांवर हात फिरवला.

हे कमरेएवढं पाणी नव्हतं, खाली दोन पुरुष खोल होतं. मी सुलक्षणाचा हात इतका घट्ट धरला की संध्याकाळी तिच्या बोटांना सूज आली. तिने एकदा दाबला. मी तोंड पाण्यात घातलं.

लाल खरंच नव्हतं. लाल असतं तर बरं, असंही वाटलं नाही. भाजलेल्या काजूच्या रंगाचे मोठाले गोल धोंडे होते आणि त्यांच्यावर कुणी महिनाभर बसून कोरावी तशी बारीक नक्षी. एके ठिकाणी कोबीचा गड्डा उलगडावा तशी पानंच्या पानं, जांभळट, कडेला पिवळी झाक. त्यातून काळ्या पट्ट्यांचे मासे, शाळा सुटल्यासारखे. मी आयुष्यभर मासे ओळखत आलो होतो, पण मेलेले. बाजारातल्या पाटीत मान टाकून पडलेला गोबरा मला ठाऊक होता. इथे एक गोबरा कपारीतून अर्धा बाहेर येऊन, कल्ले हलवत, दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासारखा माझ्याकडे बघत होता. कोण रे तू, कुणाचा?

मला हसू फुटलं. नळीत हसलं की काय होतं ते तेव्हा कळलं. खारं पाणी थेट घशात. वर आलो, खोकलो, आणि सुलक्षणाने काही विचारायच्या आत पुन्हा तोंड घातलं.

मग तिने मला ओढत उजव्या अंगाला नेलं. तिथे नक्षी नव्हती. कोबीची पानं फुटून पडली होती, काही नुकतीच, पांढरी, काही जुनी, शेवाळ चढलेली. त्या चुऱ्यातून एक लांब चर गेला होता. तो कशाने पडलाय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आठ हंगाम मी त्याच जागी थांबायचो, कारण तिथे नांगर चांगला धरायचा.

होडीत चढल्यावर मेघनाने हात देऊन बसवलं. टॉवेल दिला. मी बराच वेळ टॉवेलात तोंड खुपसून बसलो.

“हरेशकाका, ठीक आहात ना?”

“तू माझ्यावर ओरडली का नाहीस गो इतके दिवस?” मी विचारलं.

“ओरडून कोण बघतं?” ती म्हणाली.

रविवारी जाळ्यांच्या शेडमध्ये सभा भरली. चौदा होडीवाले, खाली गोणपाटं अंथरलेली, मध्ये चहाची किटली. दाराशी बायका उभ्या होत्या. सभेत नव्हत्या, पण हलतही नव्हत्या. मेघना कोपऱ्यात संमतीपत्र मांडीवर घेऊन बसलेली. बाबी गिरकर पुढेच, मांडी ठोकून, भांडणाच्या तयारीत.

मी उभा राहिलो. रात्रभर पाठ केलेलं भाषण क्षणात विसरलो.

“माका येक सांगूचा आसा,” मी म्हणालो. “आठ वर्सां मी पावण्यांका पोवळी दाखवतंय. लाल म्हणान सांगतंय. काल पयल्यांदा बघलंय. लाल नाय ती.”

कुणाला काही कळलं नाही.

“म्हणजे मी कधी बघूकच नव्हतंय,” मी म्हणालो. “माका पाण्यात तोंड घालूची भीती वाटता. ल्हानपणापासून. आता हसा.”

कुणी हसलं नाही. मला वाटलं, संपलं. अध्यक्षपद गेलं, गावात दाखवायचं तोंडही गेलं. बाबी गिरकर माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या मानेची शीर उडत होती. आता हा फाडून खाणार, असं वाटून मी तयारच झालो.

“मिया पण नाय,” बाबी म्हणाला.

“काय?”

“बघूक नाय. बहिरो झालंस?” तो गोणपाटाकडे बघत पुटपुटला. “माका पेवूकच येणा नाय, पाण्यात पडलंय की बुडालंय. साठ वर्सां दर्यात गेली. बायलेक पण म्हायत नाय.”

“माका म्हायत आसा!” दारातून त्याच्या बायकोचा आवाज आला.

आणि शेड फुटली. कोण गडगडा लोळतोय, कोण डोळे पुसतोय. त्या हसण्यातच एकेक जण बोलू लागला. एक म्हणाला, मी एकदा वाकून पाहिलं होतं, पण मास्कात वाफ धरली आणि काही दिसलं नाही, पाहुण्यांना मात्र तीच पोवळी वर्णन करून सांगतो. दुसरा म्हणाला, “मी बघलंय, पण डोळे मिटान.” शेवटी मेघनानेच, ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना हात वर करायला सांगितलं. चौदांपैकी अकरा हात वर गेले. ज्या पोवळ्यांसाठी आम्ही तीन महिने तिच्याशी भांडत होतो, ती अकरा जणांनी पाहिलीच नव्हती.

मेघना रडत होती की हसत होती, देव जाणे. तिने पेन पुढे केलं.

बाबीने ते परत सारलं. “सही मगे. पयली माका दाखव.”

सोमवारी सकाळी समुद्र तेलासारखा निवांत होता. पाच होड्या गेल्या. एकीनेही नांगर टाकला नाही. दोन होड्यांच्या मध्ये एक जाड दोर ताणून धरला, आणि त्या दोराला धरून वेताळबंदरचे अकरा तांडेल जॅकेटं घालून पाण्यात लटकले. दोन दोन माणसांमागे एक बाई. आठवडाभरापूर्वी घरात “पाणी दे गो” म्हणून हुकूम सोडणारे पुरुष आता “सोडू नको गो, सोडू नको!” म्हणून ओरडत होते. सुलक्षणाच्या वाट्याला बाबी गिरकर आला होता. दुसऱ्या बाजूने मी त्याला धरलं होतं. मीही दोन दिवसांचाच शहाणा.

सुरुवातीला त्याने आम्हा दोघांना, मेघनाला आणि दर्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग तोंड पाण्यात घातलं आणि आवाज बंद झाला.

एक मिनिट गेलं, पाच गेली. बाकीचे एकेक करून वर येत होते, खोकत, बोंब मारत, एकमेकांना काय पाहिलं ते सांगत. बाबी हालेना. हात सैल, पाय सैल, नळी तेवढी वर. दहा मिनिटं झाली तेव्हा मला धडकी भरली. म्हातारा माणूस, रक्तदाबाचा. मी सुलक्षणाकडे पाहिलं. तिचाही चेहरा उतरला होता. दोघांनी मिळून त्याला खांद्याला धरून वर उपसलं.

बाबीने नळी थुंकली. “उचलतास कित्याक रे मेल्यांनू? गोबरो माझ्याकडे बघता हा!”

त्याची सही त्याने तिथेच, होडीच्या काठाला लटकून केली. हातातून पाणी निथळत होतं, कागदावर शाई पसरली, आणि मेघनाला दुसऱ्या दिवशी नवीन संमतीपत्र करावं लागलं. पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. बोये आले, पण दोघा-तिघांनी पहिलं वर्षभर कुरबुर केलीच. एका वेळी तीनच होड्या यावरून तर दोनदा हमरीतुमरी झाली. पण पाळी ठरली. सुलक्षणा आणि तिच्या सहा मैत्रिणी पाहुण्यांना पाण्यात फिरवू लागल्या, आणि मी नवरीची गोष्ट सांगायची सोडून दिली. चौथ्या वर्षी त्या चराच्या कडेला नखाएवढी नवी पोवळी धरली. त्या दिवशी मेघना पुण्याहून मुद्दाम पेढे घेऊन आली होती. आज तो चर शोधायला जरा वेळ लागतो.

पण मला आठवते ती सोमवारची सकाळच. सही केल्यावर आम्ही बाबीला वर होडीत घ्यायला गेलो, तर तो येईना. दोराला धरून तरंगत राहिला. कपाळावर मास्क, पांढऱ्या मिशीतून पाणी ठिबकतंय, डोळे लहान पोरासारखे.

“हरेशा,” तो म्हणाला, “साठ वर्सां आमी नुसते कौलांर चलत होतो रे. घर खाली होता.”

मग त्याने मास्क पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि सुलक्षणापुढे हात केला.

“धर गो माका. घरात आणि कोण कोण आसा, ता बघूया.”